दोन पेपर तेवढे राहिलेत

१२ जुलै

आज मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या मे महिन्यात शाखाप्रमुख निवृत्त होताहेत. त्या खुर्चीसाठी माझं नाव विचारात आहे म्हणाले, फक्त पदवी लागते. मी म्हणालो, पदवी झाल्यातच जमा आहे, दोन पेपर तेवढे राहिलेत. कधीपासून राहिलेत, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मधे कामाचा व्याप वाढला.

आणि ते खोटं नाही. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रार विभाग सांभाळणं म्हणजे खायचं काम नाही. लोक लिफ्टमध्ये अडकतात, मला फोन करतात, मी मेकॅनिक पाठवतो. पाना मेकॅनिकच्या हातात, पण जबाबदारी सगळी माझी.

राहिलेले पेपर: गणित एक आणि गणित दोन. ते राहिल्याचं खापर मी कुणावरही फोडत नाही. मात्र पहिल्या खेपेला डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता, दुसऱ्या खेपेला सुपरवायझर चपला घासत फेऱ्या मारत होता आणि तिसऱ्या खेपेला माझं लग्न ठरलं होतं. बुद्धीचा प्रश्न कधीच नव्हता.

निश्चय: उद्यापासून पहाटे पाचला उठून अभ्यास.

१३ जुलै, सकाळी सव्वानऊ

उठायला किंचित उशीर झाला. काल संध्याकाळभर वेळापत्रक आखून मेंदू शिणला होता. वेळापत्रक चार रंगांत आहे. गणिताला लाल. बायकोने ते बराच वेळ पाहिलं आणि यात ऑफिसला कधी जायचं ते कुठल्या रंगात आहे, असं विचारलं. ही फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते आणि घरी येऊन माझा उत्साह आखडवते.

१५ जुलै

पाचला उठलो. पाच वाजलेत याची खात्री केली. वाजले होते. परत झोपलो. सुरुवात तर झाली.

१९ जुलै

कॉलेजात गेलो. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करताच विचारलं की मुलीची ऍडमिशन ना? म्हटलं, मुलीची झाली, आता माझी. तेव्हा मान वर झाली.

कळलं ते असं. इतकी वर्षं मधे गेल्यावर नुसती परीक्षा देता येत नाही. वर्गात बसून हजेरी भरावी लागते. पहिल्या वर्षाची सकाळची तुकडी एकच आहे आणि त्या तुकडीत आमची ठमी आहे.

ठमी म्हणजे माझी मुलगी. तिचं खरं नाव चांगलं आहे, पण ठमी जिभेवर बसलंय. संध्याकाळी तिला आनंदाची बातमी दिली. ती सोफ्यावर बसली होती, ती सोफ्यावर आडवी झाली आणि उशी तोंडावर घेतली. आनंद दाखवण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

२० जुलै

ठमीने अटी घातल्या. एका बाकावर बसायचं नाही. बरोबर जायचं नाही, मी दहा मिनिटं मागून निघायचं. वर्गात ठमी म्हणायचं नाही. आणि प्रश्न विचारायचे नाहीत.

मी सगळ्या मान्य केल्या. पोरीला स्वतःच्या पायावर उभं राहायचंय, आपण आड का यावं? तिच्या गणिताकडे मात्र मी लांबून लक्ष ठेवीन. बायको म्हणाली, लांबूनच ठेव.

२६ जुलै

पहिलं लेक्चर. गणिताच्या मॅडम माझ्यापेक्षा बऱ्याच लहान आहेत, पण फळ्यावरचं अक्षर सुरेख. विषय: लिमिट. एक्स शून्याच्या जवळ जवळ जातो, पण शून्यावर पोचत नाही. मी हात वर केला. (एखादा प्रश्न अटीत बसतो.) विचारलं की पोचायचंच नाही तर तो निघतो कशाला? वर्ग हसला. मॅडमही हसल्या. वातावरण एकदम मोकळं झालं. ठमी वहीत डोकं घालून बसली होती, टिपणं घेत असावी.

लेक्चर संपल्यावर मॅडमनी हळूच विचारलं की मी पालक म्हणून आलोय का. हजेरीतलं नाव दाखवलं. पोरं मला आता काका म्हणतात. एका दिवसात एवढी लोकप्रियता बरी नव्हे.

३ ऑगस्ट

शेजारी बसणाऱ्या मुलाचं नाव मी जांभई ठेवलंय. फळ्याकडे बघितलं की त्याला जांभई येते आणि त्याची बघून मला येते. माझं लक्ष उडतं ते त्याच्यामुळे. जागा बदलायला हवी. पण तो बिस्किटं आणतो.

९ ऑगस्ट

ठमीला डेरिव्हेटिव्ह शिकवायला बसलो. तिने मागितलं नव्हतं, पण आपलं कर्तव्य असतं. अर्धा तास समजावलं. ती हाताची घडी घालून ऐकत होती. मग तिने माझ्याच कागदावर दुसऱ्या ओळीतलं चिन्ह बदललं, तिसरी ओळ खोडली, चौथीपासून पुढचं सगळं खोडलं आणि तेच गणित तीन ओळींत करून दाखवलं.

मी मुद्दाम चुका केल्या होत्या. शिकवण्याची ही एक पद्धत आहे. विद्यार्थ्याचा आत्मविश्वास वाढतो. तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, वाढला.

१७ ऑगस्ट

ऑफिसात अभ्यास सुरू केला. फोन अधूनमधूनच वाजतो. शेजारच्या टेबलावरचा टायवाला हे तिरक्या नजरेने बघतो. टायवाला माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, त्याच्याकडे पदवी आहे आणि आणखी काही नाही.

दुपारी एक बाई चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकल्या. मी त्या वेळी ऐन डेरिव्हेटिव्हच्या मधोमध होतो. त्यांनी विचारलं, माणूस कधी पोचेल? माझ्या तोंडून निघून गेलं की पोचणार नाही, जवळ जवळ जात राहील. बाई रडायला लागल्या. टायवाल्याने फोन माझ्या हातातून घेतला. मेकॅनिक वेळेत पोचला, बाई सुटल्या, पण साहेबांपर्यंत गोष्ट गेली. आगाऊपणा करणाऱ्यांना सगळं बरोबर जमतं.

२ सप्टेंबर

पहिली चाचणी. पन्नासपैकी चार. पहिलीच होती. हात साफ करायला दिली.

ठमीला सेहेचाळीस. शेवटी रक्त कुणाचं आहे.

२० सप्टेंबर

दुसरी चाचणी. पन्नासपैकी नऊ.

काही लोक याकडे नऊ म्हणून बघतील. मी वेगाकडे बघतो. चाराचे नऊ म्हणजे दुपटीहून जास्त. याच वेगाने तिसऱ्या चाचणीत वीस, चौथीत पंचेचाळीस आणि त्यापुढच्या चाचणीत पन्नासपैकी शंभर. आलेख काढला. रेघ कागदाच्या बाहेर गेली, खाली दुसरा कागद चिकटवावा लागला. कागद वर चिकटवायला हवा होता हे बायकोने दाखवलं. आलेखच मी उलटा धरला होता.

एका मार्कावरून मॅडमशी थोडी चर्चाही झाली. इंटिग्रेशनच्या उत्तरापुढे अधिक सी लिहायचा असतो आणि हा सी काहीही असू शकतो, हे त्यांनीच शिकवलंय. मग माझं उत्तर आणि त्यांचं उत्तर यांत जो काय फरक आहे तो सी समजावा, असं मी सुचवलं. मॅडम बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मुद्दा बिनतोड होता.

निश्चय: आता खरा अभ्यास. पाचला उठणं शास्त्रीय नाही असं कुठेसं वाचलं. साडेपाच.

४ ऑक्टोबर

चष्म्याचा नंबर तपासून आलो. गणित नीट दिसत नसेल तर सुटणार कसं? डॉक्टर म्हणाले, नंबर आहे तोच आहे. दुसऱ्या डॉक्टरकडे जावं का?

११ ऑक्टोबर

आज वाईट बातमी. लेक्चर संपल्यावर मॅडमनी मला थांबवलं. मला वाटलं सीचा विषय पुन्हा निघतोय. तर म्हणाल्या, तुमच्या मुलीबद्दल बोलायचंय. तिला या वर्गात ठेवण्यात काही अर्थ नाही, तिला इथून काढावं असं मला वाटतं, ती मात्र तयार होत नाहीये. एवढ्यात ऑफिसातून फोन आला, कुठेतरी एका लिफ्टचं दार उघडत नव्हतं. मला निघावं लागलं.

दिवसभर जेवण गेलं नाही. चाचणीत सेहेचाळीस मिळवणारी पोर, असं काय झालं असेल? मग उलगडा झाला. चाचण्या सोप्या होत्या. पुढचं अवघड आलं आणि बिचारीचा धीर सुटला. आणि मी आपल्याच आलेखात दंग. बाप म्हणून कमी पडलो.

१२ ऑक्टोबर

संध्याकाळी ठमीला फिरायला घेऊन गेलो. बागेतल्या बाकावर बसवलं आणि शांतपणे समजावलं. म्हटलं, अपयश आलं म्हणून माणूस संपत नाही. गणित म्हणजे आयुष्य नव्हे. माझंच बघ, अडलं का काही? वर्ग सोडावा लागला तरी घरचं कुणी तुला बोल लावणार नाही. मीही नाही, तुझी आईही नाही.

ती इतका वेळ माझ्याकडे बघत होती की मला वाटलं आता रडेल. मग तिने विचारलं, "बाबा, मी पुढे गेले आणि तू इथे एकटा राहिलास, तर तुला चालेल?"

पोर अशी घाबरली की उलटसुलट बोलते. मी तिच्या पाठीवर थोपटलं. म्हटलं, "अगं, तू जा पुढे. मी आलोच मागून."

तिने मान हलवली आणि माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. परत येताना सोडलाच नाही. कोपऱ्यावर तिच्या कॉलेजातल्या दोघी भेटल्या, तरी नाही.

१३ ऑक्टोबर

बायकोने सांगितलं. ठमीला ऍडव्हान्स्ड तुकडीत घेताहेत. पहिल्या वर्षात अशी दोघातिघांनाच संधी मिळते. महिनाभर तिने मॅडमना होकार दिला नव्हता. का, ते बायकोने सांगितलं नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. आज सकाळी ठमी जाऊन सही करून आली.

मला याचा अंदाज आलाच होता. कालचं बोलणं त्याच दृष्टीने केलं होतं. तिला धक्क्याची गरज होती, तो मी दिला. बायको म्हणाली, धक्का कुणाला बसला ते कळेलच.

१८ ऑक्टोबर

ठमी दुसऱ्या इमारतीत गेली. आता वर्गात मोकळेपणाने प्रश्न विचारता येतील.

विचारले नाहीत. आज तसं काही सुचलं नाही.

२६ ऑक्टोबर

ठमीच्या जागेवर एक मुलगी बसते. तिलाही माझ्यासारखंच काही येत नाही, पण ती तसं सांगत फिरते. आत्मविश्वासाचा अभाव.

ठमीने आज जेवताना विचारलं, काही अडलंय का? म्हटलं, काही नाही, तुझा अभ्यास बघ. खरं म्हणजे मॅट्रिक्स नावाचं एक प्रकरण आलंय. चौकोनात आकडे मांडलेले असतात, बस. दिसायला सोपं, अगदी आमच्या लिफ्टच्या बटणांसारखं. ते परीक्षेआधीच्या आठवड्यात उरकून टाकायचं.

१४ नोव्हेंबर

तिसरी चाचणी मॅडमनी रद्द केली, अभ्यासक्रम मागे पडलाय म्हणून. माझे वीस मार्क हुकले. आता एकदम परीक्षाच.

२४ नोव्हेंबर

परीक्षेआधीचा आठवडा. टेबल आवरलं. पेन्सिलींना टोकं काढली. जुन्या प्रश्नपत्रिका वर्षांप्रमाणे लावल्या. उद्यापासून त्या बघायच्या.

२९ नोव्हेंबर

सर्दी. वाफ घेतली. वाफ घेताना पुस्तक वाचता येत नाही, चष्म्यावर धुकं धरतं.

२ डिसेंबर, दुपारी

गणित एकची परीक्षा झाली. पेपर उत्तम.

निघताना ठमी दाराशी आली होती. तिची परीक्षा परवा, पण आज माझ्यासाठी लवकर उठली. म्हणाली, आधी सगळा पेपर वाच, बाबा, मग लिही. आता मला कुणी पेपर लिहायला शिकवणार! पेपर हातात पडताच भराभरा लिहायला घेतला. एकही प्रश्न सोडला नाही. जे येत होतं ते लिहिलं, येत नव्हतं तिथे मराठीत सविस्तर विवेचन केलं. अर्धा तास शिल्लक असतानाच पेपर देऊन बाहेर आलो. सुपरवायझर खात्री आहे ना म्हणून विचारत होते. सबंध वर्गात पहिला मी उठलो. लोक बघत होते.

२ डिसेंबर, संध्याकाळी

जांभई भेटला. मागच्या पानावरचं मॅट्रिक्स कसं गेलं म्हणून विचारत होता.

पेपरला मागचं पान होतं.

शांतपणे विचार केला. पुढच्या बाजूला चाळीस मार्कांचे प्रश्न होते. पास व्हायला चाळीसच लागतात. याचा अर्थ पुढचं सगळं अचूक असलं की झालं. सगळं अचूक आहे. शिवाय कागद दोन्ही बाजूंनी छापायचा तर तसं ठळक लिहायला नको? लिफ्टमध्येसुद्धा आम्ही लिहितो, किती माणसं म्हणून. याबाबत विद्यापीठाला तक्रारअर्ज करणार आहे. तक्रारींचा मला अनुभव आहे.

बायकोला पेपर दाखवला नाही. तिने मागितलाही नाही. पाठ आखडल्यासारखी दिसतेय म्हणाली आणि चोळून दिली. बराच वेळ.

१६ डिसेंबर

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पेपर कसा गेला विचारलं. म्हटलं, एका बाजूने उत्तम. त्यांना वाटलं मी विनयाने बोलतोय.

घरी ठमीलाही तेच सांगितलं. ती हसली नाही.

१९ जानेवारी

निकाल.

अकरा. शंभरपैकी.

तपासनीस कडक असावेत. पण जांभईला सत्तावीस आहेत, आणि त्याला मी पहिलं पान लिहितानाही झोपेला आलेलं पाहिलंय. फेरतपासणीचा अर्ज भरला होता. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, किती मिळायला हवे होते? मी म्हणालो, चाळीस. त्यांनी तो अर्ज घडी घालून मला परत दिला.

ठमी ऍडव्हान्स्ड तुकडीत पहिली आली. बायकोने शेजारपाजारी सांगितलं, दवाखान्यात पेशंटना सांगितलं. घरात मात्र दोघी पाय न वाजवता चालताहेत. ठमी तर आपली मार्कशीट पाठीमागे धरून आली. मी ती काढून घेतली आणि दिवाणखान्यात कपाटाला चिकटवली, सगळ्यांना दिसेल अशी. मग ती रडली. मार्क चांगले पडले तरी पोरी रडतात.

२४ जानेवारी

शाखाप्रमुखाची जागा टायवाल्याला जाहीर झाली. साहेब म्हणाले, मेपर्यंत दोन्ही पेपर निघणं आता शक्य दिसत नाही. मी टायवाल्याचं अभिनंदन केलं. त्याने माझा हात हातात धरून ठेवला आणि म्हणाला, तक्रार विभाग तुमच्याशिवाय कोण सांभाळणार. चांगला आहे तसा. टाय मात्र वाकडा बांधतो.

यात एक फायदा दिसतो. मेची घाई राहिली नाही. निवांत अभ्यास करता येईल.

बायको म्हणाली, आता कॉलेज सोडलंस तरी चालेल. म्हटलं, बघू.

६ फेब्रुवारी

बघितलं. फी भरून आलो.

गणित एकमध्ये नापास झालेल्यांसाठी शनिवारी सकाळी वेगळा वर्ग ठेवलाय. मॅडमना वेळ नाही, त्यामुळे हुशार विद्यार्थी शिकवणार आहेत. कोण येणार कुणास ठाऊक. पोरसवदा कुणी असलं तर आपण सांभाळून घेऊ.

१० फेब्रुवारी, शनिवार

आठ जण होतो. जांभई होता, ती आत्मविश्वास नसलेली मुलगी होती. मॅडम आल्या आणि त्यांच्या मागून ठमी.

मॅडम म्हणाल्या, हिने हा वर्ग स्वतःहून मागून घेतलाय. आणि त्या गेल्या.

घरी एका शब्दाने बोलली नव्हती. सकाळी माझ्याआधी निघाली तेव्हा मला वाटलं, लायब्ररीत जात असेल. मी बॅगेत काहीतरी शोधायला लागलो. काय शोधत होतो ते माहीत नाही.

तिने सुरुवात लिमिटपासून केली. अक्षर मॅडमच्यासारखंच सुरेख. एक गणित सोडवलं, हात झटकले, वळून विचारलं की सगळ्यांना समजलं का. सगळे हो म्हणाले. जांभईसुद्धा. मग तिने माझ्याकडे बघितलं.

उत्तर तयार होतं. पद्धत वेगळी असली तरी माझ्या ध्यानात आलंय, असं काहीतरी.

मी म्हणालो, "नाही समजलं."

तिने फळा पुसला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला लागली.